उन्हाचं अधिकृत तापमान

गुलाबरावांच्या उजव्या बुटाची टाच डांबरात चार मिलिमीटर रुतली होती. डावी साडेतीन. मी स्टीलच्या पट्टीनं दोनदा मोजून पाहिलं. तारीख तेवीस एप्रिल, वेळ अकरा चाळीस. रस्ता दिल्लीजवळच्या मानेसरचा, आठ दिवसांपूर्वी केलेला. जयपूरच्या हमरस्त्यावरून वळून एका नव्या कारखान्याच्या फाटकापर्यंत जाणारा आणि तिथेच संपणारा.

"काय मोजताय, ताई?"

"तुम्ही किती खाली गेलात ते."

"चौदा वर्षं तळघरातल्या दप्तरखान्यात आहे मी. याहून खाली कुठं जाणार?"

मी आकडे वहीत लिहिले. गुलाबरावांनी बूट उपटून घेतले आणि पुन्हा पंतप्रधानासारखे उभे राहिले.

ते पंतप्रधान होते, म्हणजे तालमीपुरते. नऊ मे रोजी एका लहानशा थंड देशाचे पंतप्रधान या कारखान्याचं उद्घाटन करायला येणार होते. देशाचं नाव मी सांगत नाही, त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नव्हता. पाहुण्यांची उंची सहा फूट तीन इंच. माईक किती वर हवा, मांडवाची कमान डोक्याला लागेल का, छत्री धरणाऱ्यानं हात किती उंच करायचा, हे ठरवायला तेवढ्याच उंचीचा माणूस हवा होता. सगळ्या विभागांत शोध झाला आणि आमच्या इमारतीच्या तळघरात गुलाबराव सापडले. मूळचे साताऱ्याकडचे, पलटणीतून निवृत्त होऊन जुन्या फायली सांभाळणारे. कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या नावापुढे छापलं होतं: 'अतिथी (तात्पुरते)'.

पहिल्या तालमीला त्यांना "अरे गुलाब" म्हणणारे सेक्शन ऑफिसर तिसऱ्या तालमीला गाडीचं दार उघडून उभे राहिले आणि तालीम संपल्यावरही उभेच राहिले. एका अवर सचिवांनी तर चहाच्या वेळी गुलाबरावांना, आपल्या देशाच्या पायाभूत सुविधांबद्दल तुमचं काय मत झालं, असं विचारलं. गुलाबराव म्हणाले, चहा गोड आहे.

स्वागत समितीत एकोणीस सदस्य होते. एकोणिसावी मी. मी भौतिकशास्त्र शिकले आणि नोकरीभर तापमान, आर्द्रता आणि वारा मोजत आले. समितीत हवामानाचा सदस्य असायलाच हवा असा नियम होता, कारण काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या आँधीत, धुळीच्या वादळात, एका समारंभाचा मांडव उडून शेजारच्या शेतात गेला होता, आणि मांडवाखाली दोन मंत्री होते. तेव्हापासून उघड्यावरच्या कार्यक्रमाच्या प्रत्येक कलमाला एक छापील नमुना लागतो. त्यात एकच ओळ आहे: 'हवामानाच्या दृष्टीने कार्यक्रमास हरकत नाही.' खाली सही. ती सही मी करायची होती. त्या सहीशिवाय कार्यक्रमातलं कुठलंही कलम पुढे सरकू शकत नव्हतं, आणि सही झाली की कुठलंच थांबू शकत नव्हतं.

मांडव, मंच, फीत या सगळ्यांचे नमुने मी पहिल्या आठवड्यात सही करून टाकले. एक राहिला होता. कलम तेवीस: 'रस्त्याच्या दोन्ही बाजूंस शाळकरी मुले हातात दोन्ही देशांचे झेंडे घेऊन उन्हात उभी राहतील. मुले आगमनाच्या दोन तास आधी जागेवर असतील.' साडेतीनशे मुलं, तीनशे मीटर. आगमन अकरा पन्नास.

मानेसरच्या आसपासच्या गावांत शाळा होत्या. पण त्या मुलांच्या चेहऱ्यांवर उदारीकरण दिसत नाही, असं कुणीतरी बैठकीत म्हणालं. हसण्यासाठी म्हणालं असावं, पण इतिवृत्तात गेलं. मग दिल्लीतल्या सरकारी वसाहतींमधल्या शाळांना पत्रं गेली. लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या शाळेलाही आलं. साडेतीनशेतली एक मुलगी माझी होती. क्षिप्रा, वय वर्षे दहा.

समितीचे अध्यक्ष राजवर्धन सिंह सहसचिव होते. सभ्य माणूस. कधी आवाज चढवत नसत आणि कधी काही ठरवतही नसत. तिसऱ्या बैठकीत मी हात वर करून म्हटलं, की मे महिन्यात अकरा वाजता मुलं दोन तास उन्हात उभी करणं धोक्याचं आहे.

"कितना होगा, मॅडम?"

"एकोणचाळीस ते एक्केचाळीस."

"चाळीसपर्यंत चालतं," शिक्षण विभागाचे सदस्य म्हणाले. "चाळीसच्या वर गेलं तर शाळा सोडायची असं परिपत्रक आहे."

"हे तापमान सावलीतलं आहे," मी म्हटलं. "पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, हिरवळीवर मोजलेलं. मुलं पेटीत उभी राहणार नाहीत. डांबरावर, उन्हात राहणार आहेत."

"मग उन्हातलं अधिकृत तापमान सांगा."

"उन्हाचं अधिकृत तापमान नसतं. जगात कुठंच नसतं. तापमान सावलीतच मोजतात."

मग राजवर्धनसाहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. इतिवृत्तात वाक्य आलं: 'उन्हात कोणतेही अधिकृत तापमान नसल्याचे हवामान सदस्यांनी स्पष्ट केले. समितीने नोंद घेतली.'

मी टिपण लिहिलं. दीड पान, एक तक्ता. त्यात मुलांच्या उंचीवर डांबराची धग किती लागते, दहा वर्षांच्या शरीराला पाणी किती लागतं, सगळं होतं. चार दिवसांनी टिपण परत आलं. समासात हिरव्या शाईनं लिहिलं होतं: 'कृपया बोलावे.' फायलीवर असं लिहिलं की आपण साहेबांच्या खोलीत जाऊन बोलायचं असतं. बोललेलं कागदावर राहत नाही, म्हणून ही पद्धत फार जपलेली आहे.

मी गेले. बोलले.

"मॅडम, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे," राजवर्धनसाहेब म्हणाले. "माझीसुद्धा नात आहे. पण हे कलम ऊपर से आया है."

"वरून म्हणजे कुणाकडून?"

त्यांनी छताकडे पाहिलं. छतावर पंखा होता.

"मग मांडव घालू या. किंवा मुलांना दहाच मिनिटं आधी आणू या."

"मांडवामागे कोण लपलंय ते सुरक्षावाल्यांना दिसणार नाही. आणि दोन तास आधी रस्ता बंद होतो. तुम्ही सही करून टाका ना. कार्यक्रम अच्छा होईल."

"निरीक्षणं पूर्ण व्हायची आहेत," मी म्हटलं.

हे खरं नव्हतं. निरीक्षणं पूर्ण होती. सही करणं मला शक्य नव्हतं, आणि नाही म्हणणंही शक्य होत नव्हतं. फायलीवर मी लिहिलं, 'निरीक्षणे प्रतीक्षेत.' त्यांनी लिहिलं, 'विचाराधीन.' असे आम्ही दोघं मिळून तीन आठवडे ते कलम एकमेकांकडे सरकवत राहिलो. मला त्यांचा राग येत होता, पण आमच्या दोघांच्या शेऱ्यांत शाईच्या रंगापलीकडे फारसा फरक नव्हता.

नाही म्हणणं का शक्य नव्हतं, ते घरी होतं. ते कूलरसमोर उभं राहून परदेशी गाणं म्हणत होतं.

"आई, बघ ना. असं हलवायचं झेंडा. मनगटातून. ममता मॅम म्हणाल्या, हात पूर्ण हलवला तर फोटो ब्लर येतो."

"पाणी पी."

"प्यायले यार, आई. ऐक, मी पहिल्या लाइनमध्ये आहे, सात नंबर. विजयाला मागची लाइन मिळाली. ती रडली. गाडी आली ना, की ते मला बघणार. एकदम समोर."

"ऊन किती असेल माहीत आहे ना?"

तिनं झेंडा खाली केला. ती माझ्याकडे तिच्या बाबांसारखी, एक भुवई वर करून पाहू लागली.

"तू काही करणार आहेस का?"

"काय करणार?"

"बाबा म्हणाले, तुझी साइन लागते. आई, प्लीज. तू नेहमी असंच करतेस. पिकनिकच्या वेळी पण आँधी येणार म्हणालीस. बाकी सगळे गेले, मी घरी."

"आँधी आली होती."

"हां, पण त्यांना मजा आली!"

सुजय, तिचे बाबा, मानेसरलाच दुसऱ्या एका कारखान्यात होते. कंपनीच्या बसनं सकाळी साडेसहाला जायचे. ते वर्तमानपत्रामागून म्हणाले, "मी रोज त्याच उन्हात जातो. मेलो का?"

"तुम्ही छपराखाली काम करता."

"आई ना," क्षिप्रा म्हणाली, "घरात पण मीटिंगसारखं बोलते."

गेल्या वर्षी ती शाळेच्या नाटकात झाड होती. त्याच्या आदल्या वर्षी कुणीच नव्हती. पहिल्या रांगेत सातवी म्हणजे काय, हे मला कळत होतं. त्यासाठी तक्ता लागत नव्हता.

मग मी एक गोष्ट केली, जी करायचं माझ्या पदाच्या कामांत कुठंही लिहिलेलं नाही. मी दप्तरखान्यात गेले. 'वरून' म्हणजे कुठून, ते पाहायचं होतं. गुलाबराव दोन कपाटांमध्ये स्टुलावर बसून जेवत होते. मला पाहून उठले.

"बसा गुलाबराव. पंतप्रधानांनी उठायचं नसतं."

"इथं नाही हो ताई. इथं मी गुलाबच. काय हवंय?"

"आपल्या कार्यक्रमाचा मसुदा कशावरून केलाय ते."

ते हसले. "कशावरून म्हणजे? नवं कोण लिहितंय? मागचा काढायचा, देशाचं नाव बदलायचं. सेक्शनवाल्यांना मीच काढून दिला होता." त्यांनी हात पुसले आणि वरच्या फळीवरून लाल फीत बांधलेली फाईल काढली. दुसऱ्या एका पंतप्रधानांच्या भेटीची, सतरा वर्षांपूर्वीची. मी पानं उलटली. कलम तेवीस तिथं शब्दशः होतं. फक्त त्याच्याआधी अर्धं वाक्य जास्त होतं, जे नव्या मसुद्यात टंकताना गळलं होतं: 'सध्याची कडाक्याची थंडी लक्षात घेता'.

भेट अकरा जानेवारीची होती.

सकाळी धुकं असायचं, विमान किती वाजता उतरेल याचा नेम नव्हता, म्हणून मुलं दोन तास आधी. मुलं गारठू नयेत, म्हणून उन्हात. कुणा तरी भल्या अधिकाऱ्यानं मुलांची काळजी घेऊन ते वाक्य लिहिलं होतं. समासात त्याच्याच अक्षरात शेरा होता: 'मुलांना गरम दूध द्यावे.'

"ताई, हे पण बघा." गुलाबरावांनी बोट ठेवलं. कलम एकतीस: 'प्रतीक्षा कक्षात सहा विद्युत शेगड्या.'

"नव्या मसुद्यात आहे हे?"

"आहे म्हणजे? काल आल्या की. सहाच्या सहा. मांडवात लावून बघितल्या, चालतात."

सातव्या बैठकीत मी जुनी फाईल टेबलावर ठेवली. तारीख वाचून दाखवली. मला वाटलं होतं, आता कुणी तरी हसेल आणि प्रश्न संपेल. पुरावा इतका स्वच्छ क्वचितच मिळतो.

राजवर्धनसाहेबांनी फाईल दोन्ही हातांनी घेतली. "म्हणजे याला पूर्वाधार आहे," ते म्हणाले. त्यांचा सुटकेचा श्वास एकोणीस जणांना ऐकू आला. "मी इतके दिवस चिंतेत होतो, की हे कुणाच्या आदेशानं आहे. मॅडम, थँक यू. बहुत बड़ा काम किया आपने."

"सर, ती जानेवारी होती."

"महिना बदलतो, मॅडम. प्रथा थोडीच बदलते?"

शेगड्यांबद्दल ठरलं, की लावू नयेत, पण ठेवाव्यात.

सात मे, सोमवार. रंगीत तालीम. दिल्लीहून सात बसगाड्या भरून मुलं आली आणि नऊ पन्नासला जागेवर उभी राहिली. पांढरे मोजे, पांढऱ्या रिबिनी, हातात दोन-दोन झेंडे. ममता मॅडम रांगेच्या टोकाला शिट्टी घेऊन. क्षिप्रा सातवी. तिनं मला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मी माझी उपकरणं मांडली. सावलीतलं तापमान घ्यायला पांढरी पेटी, आणि रांगेच्या शेजारी, मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, काळ्या रंगाचा तांब्याचा पोकळ गोळा. त्याच्या आत तापमापक असतो. उन्हात उभ्या असलेल्या अंगाला काय सोसावं लागतं, ते तो बऱ्यापैकी सांगतो. दहा वाजता गोळा सेहेचाळीसवर होता. साडेदहाला एकोणपन्नास. अकराला बावन्न. पेटी अडतीसच्या आसपास शांत होती.

पाण्याचा टँकर आला होता, पण तो फाटकाजवळ उभा होता. रांग मोडायची नाही अशी सूचना होती. अकरा वीसला मागच्या रांगेतल्या दोन मुली खाली बसल्या. ममता मॅडमनी शिट्टी वाजवली, मुली उठल्या. आणखी काही मुलं झेंडा डोक्यावर धरून सावली करू पाहत होती. झेंडा वीतभर. सावलीही वीतभर.

अकरा पन्नासला मोटारींचा ताफा आला. मधल्या पांढऱ्या गाडीत गुलाबराव. मुलांनी गाणं म्हटलं, झेंडे हलवले, मनगटातून. माझ्या घड्याळात ताफा सत्तावीस सेकंदांत संपला. तीनशे मीटर, ताशी चाळीस किलोमीटर. कुठल्याही एका मुलासमोर गाडी एक सेकंदही नव्हती.

फाटकाशी छत्री उघडली, गुलाबराव उतरले, फुलं घेतली, फीत कापल्यासारखं केलं. मग नियोजनात नसलेली गोष्ट त्यांनी केली. ते वळले आणि मुलांच्या रांगेकडे चालू लागले. छत्रीवाला धावला. सुरक्षेचे चार जण धावले. राजवर्धनसाहेब हाताने 'नाही, नाही' करत मागे आले.

"गुलाबराव, ये रूट में नहीं है!"

"पाहुण्यांना वाटलं तर ते उतरतील की, साहेब," गुलाबराव म्हणाले. "त्याची पण तालीम व्हायला हवी."

ते थेट माझ्यापाशी आले आणि मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "ताई, आतून काही दिसत नाही. गाडीचे पडदे लावलेले असतात. उघडायचे नाहीत असा हुकूम आहे. आवाज पण येत नाही, एसी असतो. पोरं आहेत हेच मला कळलं नाही."

"पडद्याचं कुणी बोललं नव्हतं."

"कुणी विचारलं नव्हतं."

मी ते राजवर्धनसाहेबांना सांगितलं. त्यांनी रुमालानं मान पुसली. "पण मुलांना तर गाडी दिसली ना," ते म्हणाले, आणि बोलून झाल्यावर त्यांनाच ते वाक्य आवडलं नसावं, कारण ते दुसरीकडे पाहू लागले.

ताफा गेल्याची शिट्टी झाली होती, पण रांग अजून सुटायची होती. क्षिप्रा रांगेतून एक पाऊल पुढे आली. तिचे ओठ कोरडे पांढरे पडले होते, गाल लाल. कपाळावर घाम नव्हता. कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत उडून जातो, हे मला माहीत आहे. तरी मी तिचं कपाळ पुन्हा पाहिलं.

"काका," ती गुलाबरावांना म्हणाली, "मी दिसले का? पहिल्या लाइनमध्ये. सात नंबर."

गुलाबरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते वाकले. सहा फूट तीन इंचांचा माणूस वाकला तसा छत्रीवाला गोंधळला, आणि छत्रीची सावली क्षिप्रावर आली.

"दिसलीस की," ते म्हणाले. "सगळ्यात आधी तूच दिसलीस."

"खरंच?"

"मग. मी हात केला तुला."

ती इतकी आनंदली, की तिला उभं राहताना तोल सावरावा लागला. तिनं गुलाबरावांची बाही धरली.

"मॅडम," राजवर्धनसाहेब म्हणाले. त्यांच्या हातात छापील नमुना होता. शिपायानं पाठ वाकवली होती, त्यावर कागद ठेवून सही करायची सोय. "परवा कार्यक्रम आहे. आता निरीक्षणंही झाली. अधिकृत आकडा?"

मी पेटीकडे गेले. "एकोणचाळीस पूर्णांक सहा."

"चाळीसच्या आत!" शिक्षण विभागाचे सदस्य म्हणाले.

"चाळीसच्या आत," राजवर्धनसाहेब म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. मग आवाज खाली आणला. "मॅडम, बोलून टाका काय ते. तुम्ही हो म्हणा, मी पुढे पाठवतो. तुम्ही नाही म्हणा, तर... मीही तसं लिहीन. पण आधी तुम्ही. मेरे से नहीं होगा."

इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच खरं बोलले होते. मला त्यांची थोडी दया आली, आणि थोडी माझी.

"आई." क्षिप्राला सगळं कळलं होतं. वसाहतीतल्या मुलांना सही म्हणजे काय ते लवकर कळतं. ती डोकं हलवत होती, नको, नको, असं. "आई, मी ठीक आहे. बिल्कुल ठीक आहे. त्यांनी मला पाहिलं. परवा ते खरे येतील. आई, प्लीज. तू असं केलंस तर मी कधीच बोलणार नाही तुझ्याशी."

ती बोलेल, असं मला वाटत होतं. किती दिवसांनी, ते सांगता येत नव्हतं. तिचे झेंडे, तिचे मोजे, तिच्या मनगटातली ती तीन आठवड्यांची मेहनत, सगळं माझ्यासमोर उभं होतं. तिच्या मागे तीनशे एकोणपन्नास जण होते. गोळा त्रेपन्नवर होता. मागच्या रांगेतली एक मुलगी पुन्हा खाली बसली होती, आणि या वेळी शिट्टी वाजूनही उठली नव्हती.

मी पेन घेतलं, टोपण लावलं आणि साहेबांच्या खिशात परत ठेवलं. माझा आवाज लहान आहे. बैठकीत मला नेहमी पुन्हा बोलायला सांगतात. म्हणून मी आधी श्वास घेतला आणि मग रांगेच्या टोकाला ममता मॅडमनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"मुलं उभी राहणार नाहीत. माझी हरकत आहे."